सोनुने सरांचा काळा सूर्य

श्री. विठ्ठलराव सोनुने सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि ते भांडण सूर्यावरून झालं. साल एक्याऐंशी. मी तेव्हा जालना एमआयडीसीतल्या एका लहानशा बियाणे कंपनीत पॅकिंगचं काम बघत होतो. कापडी पिशवीवर लाकडी ठप्पा मारायचा, बियाणं भरायचं, तोंड शिवायचं, टेम्पोत चढवायचं. जुना ठप्पा इतका झिजला होता की त्यावरचा सूर्य भाकरीसारखा दिसायला लागला होता. मालक म्हणाले, "शाळेत एक ड्रॉइंगचे मास्तर आहेत, लाकूड कोरतात. त्यांच्याकडून नवा करून आण. नांगरट, डोंगर, मागे उगवता सूर्य. बस."

सर ओसरीवर पटाशीला धार लावत होते. पन्नाशीचे, सडपातळ, पाच मिनिटं एका जागी न टिकणारे. मी काम सांगितलं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "उगवताच पायजे?"

"हो."

"मला उगवता येत न्हाई."

मास्तर भाव खातायत असं मला वाटलं. मी म्हणालो, "सर, गोल काढायचा, भोवती रेघा मारायच्या. उगवता काय न् मावळता काय!"

सरांनी पटाशी खाली ठेवली. "रोज सकाळ-संध्याकाळ बघून राह्यले आन् फरक कळंना तुम्हाला? मंग बियाणं कशाला इकता? खडे इका." त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'बियाणेवाले' झालो तो आजतागायत.

चार दिवसांनी ठप्पा मिळाला. मालकांनी कागदावर मारून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "हा तर मावळतोय. पेरणीच्या तोंडावर मावळता सूर्य कोण घरी नेईल?" मावळतोय असं का वाटतं, ते मात्र मालकांना सांगता येईना आणि मलाही. मी ठप्पा परत घेऊन गेलो, अर्धा रागाने आणि अर्धा कुतूहलाने. सर पहिल्यांदा हसले. ठप्पा खिडकीकडे धरून त्यांनी अर्धा तास काम केलं. सूर्याला हातही लावला नाही. खालचे नांगरटीचे तास नागमोडी होते, त्यांतलं लाकूड आणखी काढून ते सरळ केले, इतकंच. पुन्हा छाप मारला आणि मी बघतच राहिलो. तोच सूर्य आता वर येत होता.

"सकाळी माणूस सरळ चालतो, संध्याकाळी अंग टाकून चालतो," सर म्हणाले. "जमिनीचंही तेच. सूर्याचं तोंड बघून काय कळतं? खालची जमीन सांगते तो आला का चाल्ला ते."

पुढच्या रविवारी मी काहीही काम नसताना त्यांच्याकडे गेलो. त्यानंतर पंचवीस वर्षं रविवार चुकवला असेल तर लग्नाला, मयताला किंवा तापाला. हळूहळू मी त्यांचे ठसे छापायला लागलो. सर कोरायचे, मी शाई लावायचो, कागद अंथरायचो आणि सरांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, स्वयंपाकघरातल्या पळीच्या पाठीने कागद घासायचो. काकू म्हणायच्या, "घरात आमटी वाढायला पळी न्हाई आन् सूर्याला दोन-दोन!" सरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला 'सरांचे शिष्य' म्हणून लिहायला सांगितलं आहे. शिष्य हा शब्द मोठा आहे. मी त्यांचा पळीवाला.

ज्यांनी लाकडी ठसाचित्र होताना बघितलेलं नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. पहिली गोष्ट: फळीवर जिथे कोराल तिथे कागदावर पांढरं येतं, जिथे हात लावणार नाही तिथे काळं. दुसरी: कागद फळीवर पालथा पडतो, म्हणून डावं ते उजवं होतं आणि उजवं ते डावं. मुरलेले कारागीर आरशात बघून किंवा कागद उलटा धरून आधीच हिशेब करतात. आमच्या सरांनी तो कधीच केला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सूर्याला काय डावं-उजवं असतं का?" मी ठप्पेवाला माणूस, मला ते खटकत होतं. पण मी गप्प बसलो, कारण मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, की निसर्गचित्रच तर आहे, कुठे अक्षरं लिहायची आहेत!

सरांची चित्रं तुमच्यापैकी अनेकांनी बघितली आहेत. टेकड्या कलंडलेल्या, झाडाच्या फांद्या मदतीला हाक मारल्यासारख्या वर गेलेल्या, आभाळभर पटाशीचे फटकारे, एकही रेघ शांत नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध मावळता सूर्य, तोही काळा. सरांनी सूर्यावर कधी हत्यार चालवलंच नाही. भोवतीचं सगळं आभाळ ओरबाडून काढलं आणि सूर्य तसाच सोडला. हैदराबादेत चित्रकला शिकत असताना त्यांना रद्दीच्या दुकानात एक पुस्तक मिळालं होतं, जर्मनीतल्या अभिव्यक्तिवादी चित्रकारांच्या ठसाचित्रांचं. पुठ्ठा गेलेला, नावं कुणालाच वाचता न येणारी. सर म्हणायचे, "या लोकांनी झाड कसं दिसतं ते न्हाई काढलं, झाड बघून आतून काय झालं ते काढलं. त्यांचा सूर्य बघा, जखमेसारखा." पण त्या पुस्तकातला एकही सूर्य पूर्ण काळा नव्हता. ते आमच्या सरांचं स्वतःचं. शाळेतली पोरं म्हणायची, "सर, ग्रहण लागलं का?"

आणि प्रत्येक चित्रात जागा एकच. एक ओढा, ओढ्यावर एक कडुलिंबाचं झाड, एक मारुतीचं लहान देऊळ, आणि त्या दोहोंच्या मधून जाणारा सूर्य. एकाच जागेची किती ठसाचित्रं मी छापली ते मी मोजलं नाही. एकदा वैतागून म्हणालो, "सर, जिल्ह्यात दुसरा ओढा नाही का?" सर उठून अंगणात फेऱ्या मारायला लागले. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता माझाच येतो.

कामाची त्यांची एक रीत विलक्षण होती. दिवस कलला की सर घरात थांबतच नसत. तिन्हीसांजेला घरात बसलेले सर कुणीही बघितलेले नाहीत. सायकल काढायची आणि एमआयडीसीच्या रस्त्याला लागायचं. रोलिंग मिलच्या धुरात सूर्य बुडायचा आणि त्याच वेळी मिलच्या दारातून तापलेली लाल सळई सरपटत यायची. सर कुंपणाला धरून उभे राहायचे, सुटीचा भोंगा झालेले कामगार सायकली काढून बाजूने निघून जायचे, पण सरांचं लक्ष हलायचं नाही. मी कधी बरोबर गेलो की म्हणायचे, "बोलू नका." हातात कागद नाही, पेन्सिल नाही, काही नाही. दिवेलागणीला हत्यार हाती धरायचं नाही, असा त्यांच्या आईंचा दंडक होता आणि त्यांनी पेन्सिलीलाही हत्यारात धरलं होतं. मग दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, उन्हं अंगावर घेत, ते मावळता सूर्य कोरायला बसायचे. म्हणजे आयुष्यभर सरांनी मावळती कोरली ती सकाळी, आणि तीही आठवणीतून.

सरांच्या मूल्यांविषयी लिहा, असंही मंडळाने सुचवलं आहे. भाषण मला जमत नाही, एक प्रसंग सांगतो. औरंगाबादला त्यांचं प्रदर्शन भरलं होतं. एका जाणकार गृहस्थांनी तिथे भाषण केलं की सोनुने यांचा मावळता सूर्य म्हणजे मृत्यू, म्हणजे ग्रामीण जीवनाचा अस्त, म्हणजे संस्कृतीचा अंधार. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तसंच छापूनही आलं. मी खूश होतो, सरांचं नाव झालं म्हणून. सर मात्र येताना बसमध्ये अख्खी वाट चुळबुळत होते. बदनापूर गेल्यावर म्हणाले, "बियाणेवाले, सूर्य बिचारा रोजचं काम करून राह्यला. मृत्यू, अंधार, जे काय आपल्याला सोसत न्हाई ते आपण त्याच्या गळ्यात बांधतो."

"मग तुम्ही काय बांधलंय?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

सर खिडकीबाहेर बघत राहिले. जालना यायच्या जरा आधी म्हणाले, "लाकडात जे आपण केलं न्हाई, ते काळं राहतं." मला वाटलं, कोरण्याविषयीच बोलतायत.

तो अर्थ मला कळला त्याला माझे वडील कारण झाले. आमचं गाव राजूर. एका रविवारी दुपारी गावाकडचा एक जण सरांच्या दारात आला आणि म्हणाला, "तुमच्या वडलांच्या छातीत दुखून राह्यलं, घरी बोलावलंय." मी फळीला नुकतीच शाई लावली होती. शाई वाळली की फळी धुऊन सगळं पहिल्यापासून करावं लागतं, कागदही महागाचे. मी म्हणालो, "हे दोन कागद काढतो आणि निघतो. पाच मिनिटं."

सरांनी माझ्या हातातली पळी हिसकावली आणि भिंतीवर फेकली. पंचवीस वर्षांत त्यांचा तसा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बघितला नाही. "पाच मिनिटं? ऊठ! आत्ता ऊठ!" मला ते तोवर नेहमी अहोजाहो करायचे. मला ओढतच त्यांनी सायकलच्या दांडीवर बसवलं, मी तिशीतला बाप्या माणूस, आणि स्टँडवर नेलं. गाडी लागली होती. दार लावताना मला म्हणाले, "दिवस बुडायच्या आत पोच. काय पण कर, दिवस बुडायच्या आत पोच."

मी पोचलो. वडील ओट्यावर बसून चहा पीत होते. डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या होत्या. मला बघून म्हणाले, "काऊन आला? कामधंदा न्हाई का तुला?" पुढे बरीच वर्षं जगले आणि तेवढी वर्षं मला त्या फुकटच्या फेरीवरून चिडवत राहिले.

सोमवारी संध्याकाळी सुटीनंतर मी सरांकडे गेलो. हसत हसत सगळं सांगितलं. सर हसले नाहीत. त्या दिवशी ते सायकल काढायचेही विसरले आणि ओसरीच्या पायरीवर बसून त्यांनी मला जे सांगितलं ते आज त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. परवानगी मागताना मी चाचरलो, तर म्हणाले, "लिहा. गौरव करायचा तर पूर्ण माणसाचा करा."

सरांचं गाव हसनाबाद. घर ओढ्याच्या अलीकडे, वावर म्हणजे शेत पल्याड, मावळतीला. सर विशीच्या आतले, हैदराबादहून सुटीला आलेले. थोरले बंधू, नामदेवराव, त्या दिवशी राजूरला बाजाराला गेले होते. सर घराकडच्या काठावर मावळतीचं चित्र काढत बसले होते, डाव्या अंगाला लिंब, उजव्या अंगाला मारुतीचं देऊळ, मधे सूर्य. पल्याडून वडिलांची हाक आली, "इठ्ठला, ये रे." सर म्हणाले, "आलो." सूर्य टेकला होता, रंग भराभर बदलत होते. पुन्हा हाक आली, बारीक. सर पुन्हा म्हणाले, "आलोच, बापू." तिसरी हाक आली नाही. सूर्य पूर्ण बुडाल्यावर सर कागद गुंडाळून ओढा उतरून गेले. बापू बांधावर पडलेले होते. अंग गरम होतं, जीव नव्हता.

नामदेवराव बाजारातून आले. पडलेल्या वडिलांकडे बघितलं, भावाच्या हातातल्या गुंडाळीकडे बघितलं. एवढंच म्हणाले, "तू सूर्य बघत बसलास." त्यानंतर दोघा भावांत बोलणं नाही. भांडण नाही, वाटणीचा वाद नाही, कोर्टकचेरी नाही. आई होत्या तोवर सर सणाला घरी जायचे, तेव्हा नामदेवराव वावरात निघून जायचे. पुतण्यांच्या लग्नात दोघं दोन पंगतींना बसले. ओढा मात्र सरांनी त्यानंतर कधी ओलांडला नाही.

"पाच-दहा मिनिटांची गोष्ट होती," सर म्हणाले. "तेवढ्यात बापू वाचले असते का न्हाई, देवाला ठाऊक. पन मी गेल्तो असं तर झालं असतं."

मी घरी गेलो आणि मला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मी त्या काळ्या गोलावर पळी घासत होतो आणि विचारत होतो की जिल्ह्यात दुसरा ओढा नाही का.

तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली. दोघं भाऊ वयाने उतरत चालले होते. दोघांतला एक जण गेला तर दुसऱ्याचं काय होणार, या विचाराने मी हैराण व्हायचो. सर निवृत्त झाले, त्यांचे हात थोडे कापायला लागले, आणि माझा धीर सुटला. हसनाबादच्या शाळेत माझ्या ओळखीचे एक गुरुजी होते. त्यांना गाठून मी शाळेच्या हॉलमध्ये सरांच्या ठसाचित्रांचं प्रदर्शन ठरवलं आणि मगच सरांना सांगितलं. सर भडकले. "कोनी सांगितलं होतं तुम्हाला? मी येणार न्हाई." मीही हट्टाला पेटलो. म्हणालो, "नका येऊ. चित्रं माझ्याजवळ आहेत." आयुष्यात एकदाच मी त्यांना उलटून बोललो.

प्रदर्शनाच्या दिवशी गावातली माणसं आली, बाया आल्या, पोरं आली. सगळे चित्रांसमोर उभे राहायचे, जरा गोंधळायचे आणि पुढे जायचे. कोणाला तरी काही तरी खटकत होतं, पण ते मोठ्या मास्तरांचं चित्र, बोलणार कोण? दुपार टळली. सर चारच्या गाडीने आले आणि हॉलमध्ये न येता बाहेर बाकावर बसले. उठायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. मी खिडकीतून बघत होतो. या माणसाला इथे आणून मी चूक केली, असं मला वाटायला लागलं.

सहाच्या सुमाराला नामदेवराव आले. सत्तरीच्या पुढचे, धोतर, डोक्याला रुमाल, हात पाठीमागे बांधलेले. बाकावरच्या भावाकडे त्यांनी बघितलं नाही. सरळ आत आले. एकेका चित्रासमोर थांबत गेले. शेवटच्या चित्रापाशी पोचले, पुन्हा पहिल्यापाशी आले आणि मला म्हणाले, "हे कोन्या टायमाचं हाय?"

"संध्याकाळचं," मी म्हणालो. "मावळता सूर्य."

"कोन म्हन्तं?"

"सर म्हणतात. सगळेच म्हणतात."

"डोळे फुटले का सगळ्यांचे?" म्हाताऱ्यांचा आवाज चढला. "लिंब उजव्या अंगाला हाय, मारुती डाव्या अंगाला. घराकडून बघितलं तर लिंब डावीकडं पायजे. हे पल्याडच्या वावरातून दिसतं, गावाकडं तोंड केलं तर. आन् पल्याडून गावाकडं बघितलं तर सूर्य उगवतो का मावळतो?"

त्यांचं बिलकुल खरं होतं. गावातल्या माणसांना दिवसभर जे खटकत होतं ते हेच होतं. सरांनी घराकडून बघितलेली मावळती जशीच्या तशी फळीवर कोरली होती आणि कागदावर ती उलटली होती. उलटल्यावर ती बरोबर पल्याडच्या काठावरून दिसणारी सकाळ झाली होती. हे इतक्या वर्षांत ना जालन्यात कोणाला कळलं, ना औरंगाबादला. मला, ठप्पेवाल्याला, तरी कळायला हवं होतं.

नामदेवराव चित्रापाशी आणखी जवळ गेले. आवाज खाली आला होता. "बापू रोज सकाळी बराबर इथंच उभा राहायचा. बैल सोडायच्या आधी. गावाकडं बघून हात जोडायचा. मी बाजूला राहायचो. इठ्ठल तर कधी सकाळी तिकडं आलाच न्हाई. त्याला कसं दिसलं हे?"

तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला. ते केव्हा दारात येऊन उभे राहिले होते, मला कळलं नव्हतं. "दादा," ते म्हणाले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरचा पहिला शब्द. "दादा, मला न्हाई दिसलं. लाकडात कोरलं की कागदावर उलटं येतं. मी घराकडूनच बघितलेलं हाय. मी अलीकडंच बसलो होतो."

खरं सांगतो, त्या क्षणी मला सरांचं तोंड दाबावंसं वाटलं. म्हाताऱ्याला वाटत होतं की धाकट्याने बापाच्या जागी उभं राहून बघितलं, वाटू द्यायचं होतं. एक शब्द न बोलता सगळं जुळत आलं होतं. पण आमच्या सरांना फुकटची माफी नको होती. मूल्य म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी हा प्रसंग सांगेन आणि गप्प बसेन.

बाहेर सूर्य बुडत होता, हॉलच्या फरशीवर तांबूस उजेड पडला होता. कुणीही दिवा लावायला उठलं नाही. मग म्हातारे म्हणाले, "उलटं झालं म्हन्तो?"

"हो दादा. चुकलंय ते."

"चुकून का होईना," नामदेवराव म्हणाले, "पल्याड आला ना? मंग चल घरी, जेवायला. दिवेलागण झाली."

सर त्यांच्या मागे गेले. मी चित्रं उतरवत एकटाच राहिलो आणि रडलो. लपवायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघा भावांनी ओढा ओलांडला, हे मला नंतर कळलं. बांधावर उभे राहिले. सरांनी मला त्याविषयी काही सांगितलं नाही. फक्त पुढच्या रविवारी त्यांनी काकूंकडून आरसा मागून घेतला. काकू म्हणाल्या, "या वयात आता काय नटायचं राह्यलं?"

त्यानंतर काही वर्षं सरांनी कोरलं फार कमी. हात साथ देत नव्हता. पण हा अमृतमहोत्सव ठरल्यावर त्यांनी एक नवी फळी घेतली. त्याच फळीचा ठसा तुमच्या हातातल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे. त्यावरून मंडळात झालेला वाद काही जणांच्या कानावर असेलच. पंच्याहत्तरीच्या ग्रंथावर मावळता सूर्य अशुभ दिसतो, उगवता टाका, असं मंडळातल्या ज्येष्ठांचं म्हणणं होतं. हेतू चांगलाच होता. मी अडून बसलो, आवाजही चढवला, त्याबद्दल इथे सर्वांची क्षमा मागतो. पण मी का अडलो ते आता सांगायला हवं.

चित्र तेच आहे. उजवीकडे लिंब, डावीकडे मारुती. म्हणून सगळ्यांना वाटलं, सरांची नेहमीची मावळती. पण या खेपेस सर वावरात जाऊन उभे राहिले, सकाळ बघितली आणि घरी येऊन आरसा समोर ठेवून कोरली. पूर्वी चुकून उलटून जे यायचं ते आता ठरवून सुलटं आलं आहे. सरांना विचारायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही मावळता म्हना, उगवता म्हना. मी बापूच्या जागेवर उभा हाय, एवढं बराबर लिहा."

आणि आणखी एक. मुखपृष्ठ जरा उजेडात धरून बघा. सूर्य पांढरा आहे. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा सरांनी सूर्यावर पटाशी चालवली. गोल नीट आला नाही, कडा तुटल्या आहेत, दोन ठिकाणी हात घसरला आहे. मी म्हणालो, "सर, कड दुरुस्त करू का?" तर म्हणाले, "राहू द्या. उशिरा केलेलं काम असंच दिसतं."

सर, तुम्ही आम्हाला सूर्याकडे नाही, जमिनीकडे बघायला शिकवलंत. तुमच्या पायाखालची जमीन अशीच भक्कम राहो, डोळ्यांना उजेड राहो आणि हातांना पटाशी पेलत राहो, हीच राजूरच्या गणपतीपाशी माझी मागणी आहे. तुम्ही शंभरी गाठाल, कारण नामदेवरावांनी आधीच बजावून ठेवलं आहे, "माझ्या आधी जायचं न्हाई." आता दिवस कलला की सर सायकल काढत नाहीत, हसनाबादची गाडी धरतात. परवा मीच स्टँडवर सोडायला गेलो होतो. गाडी सुटायला वेळ होता आणि सर दर मिनिटाला ड्रायव्हरकडे बघत होते. मी म्हणालो, "सर, एवढी घाई कसली?"

"दादानं हाक मारली," सर म्हणाले. "पाच मिनिटंही उशीर नको."